चकाकी म्हणजे मजबुती नव्हे
पाणी दिलेल्या पोलादावर ग्राइंडिंगचा काय परिणाम होतो?

इएन २४ चा शाफ्ट हीट ट्रीटमेंट होऊन येतो. ग्राइंडरवर तो आरशासारखा होतो, मायक्रोमीटरवर माप अचूक येते आणि गिऱ्हाईक माल घेऊन जातो. काही आठवड्यांनी तोच शाफ्ट दोन तुकडे होऊन परत येतो. मग वाद सुरू होतो. हीट ट्रीटमेंटवाला म्हणतो, "माल हलका होता." पोलादाचा व्यापारी म्हणतो, "पाणी नीट दिले नाही." ग्राइंडिंगवाला म्हणतो, "माझे माप बरोबर आहे, मी काय केले?" शेवटी ज्याचा आवाज लहान त्याच्या खिशातून पैसे जातात, आणि बहुतेक वेळा तो लहान वर्कशॉपवालाच असतो.

कुर्ला-साकीनाक्यापासून भोसरी आणि शिरोलीपर्यंत आपल्या अनेक बांधवांचा रोजगार लेथ, ग्राइंडर, डाय आणि इंजिन दुरुस्तीच्या कामावर अवलंबून आहे. हाताचे कसब त्यांच्याकडे भरपूर आहे. परंतु कठीण केलेल्या पोलादाच्या बाबतीत एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि मायक्रोमीटरलाही सापडत नाही. ती म्हणजे शेवटच्या काही शतांश मिलिमीटरमध्ये ग्राइंडिंगच्या उष्णतेने झालेला बिघाड. हा बिघाड कसा होतो, कसा ओळखावा आणि कसा टाळावा, याची माहिती या लेखात देत आहोत.

पाणी देणे म्हणजे काय?

छिन्नी किंवा कोयत्याला पाणी देणारा लोहार जे करतो, तेच हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत मोजून-मापून केले जाते. इएन २४ या पोलादात सुमारे ०.४० टक्के कार्बन, दीड टक्क्याच्या आसपास निकेल, एक टक्क्याहून थोडे अधिक क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असते. ते ८२५ ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवले की त्याची अंतर्गत रचना बदलते. या नव्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती अतिशय कठीण असते, पण काचेसारखी ठिसूळही असते. म्हणून पोलाद पुन्हा कमी उष्णतेवर तापवतात. यालाच टेम्परिंग म्हणतात.

टेम्परिंगचे तापमान जितके जास्त, तितका कठीणपणा कमी आणि चिवटपणा जास्त. हेच पोलाद २०० अंशांच्या आसपास टेम्पर केले तर रॉकवेल सी मापावर पन्नासच्या वर भरते. ६०० अंशांच्या आसपास टेम्पर केले तर तीस-पस्तीसच्या घरात येते.

येथे एक नियम प्रत्येक ग्राइंडरवाल्याने लक्षात ठेवला पाहिजे. जॉब ज्या तापमानावर टेम्पर झाला आहे, त्याहून अधिक उष्णता त्याला पुन्हा लागली की त्याचा कठीणपणा उतरू लागतो. म्हणजे ६०० अंशांवर टेम्पर केलेला शाफ्ट बरीच उष्णता सहन करतो, पण २०० अंशांवर टेम्पर केलेला जॉब अतिशय नाजूक असतो. जॉब जितका कठीण आणि जितका महाग, तितका तो ग्राइंडिंगमध्ये लवकर बिघडतो.

ग्राइंडिंगची उष्णता कोठे जाते?

लेथवर धारदार टूल धातू कापते तेव्हा बहुतेक उष्णता चिपबरोबर निघून जाते. ग्राइंडिंगमध्ये मात्र व्हीलचा प्रत्येक कण बोथट टूलसारखा असतो. तो थोडे कापतो, थोडे खरवडतो आणि बरेचसे नुसते घासतो. त्यामुळे साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या व्हीलने, विशेषतः कोरडे ग्राइंडिंग केल्यास, निम्म्याहून अधिक उष्णता जॉबमध्येच शिरते. व्हील आणि जॉब यांच्या स्पर्शाच्या जागी क्षणभरासाठी तापमान ८०० अंशांच्या वरही जाऊ शकते. जॉबला हात लावल्यास तो फार तर कोमट लागतो, कारण ही उष्णता केवळ वरच्या पातळ थरात आणि सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरती असते. पण पोलादाची रचना बदलण्यास तेवढा वेळ पुरतो.

जळण्याचे दोन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे थर मऊ पडणे. तापमान टेम्परिंगच्या मर्यादेपलीकडे गेले, पण ७२० अंशांच्या आसपासच्या बदलबिंदूपर्यंत पोचले नाही, तर वरचा थर पुन्हा टेम्पर होतो आणि मऊ पडतो. अशी जागा लवकर झिजते आणि भार सहन करत नाही.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे. तापमान त्या बदलबिंदूच्या वर गेले की खालचा थंड धातू आणि वरचे कूलंट मिळून त्या थराला तत्क्षणी पुन्हा पाणी देतात. नवे मार्टेन्साइट तयार होते, पण त्याचे टेम्परिंग कोणी केलेले नसते. सूक्ष्मदर्शकाखाली हा थर पांढरा दिसतो, म्हणून त्याला पांढरा थर म्हणतात. त्याची जाडी काही मायक्रॉनपासून काही शतांश मिलिमीटरपर्यंत असते. त्याच्याखाली पहिल्या प्रकारचा मऊ थर असतोच. मऊ उशीवर पातळ काच ठेवून तिच्यावर वजन टाकावे, तशी ही स्थिती होय.

याशिवाय तिसरी गोष्ट घडते, ती ताणाची. वरचा थर तापला की प्रसरण पावू पाहतो, पण खालचा थंड धातू त्याला पसरू देत नाही. त्यामुळे तो जागच्या जागी दाबला जातो. थंड होताना तोच थर आकसू पाहतो आणि खालचा धातू त्याला आकसू देत नाही. परिणामी पृष्ठभाग कायम ताणलेल्या अवस्थेत राहतो. तळे आटल्यावर वरच्या चिखलाला भेगा पडतात, त्याचे कारणही असेच असते. ताण फार झाला तर ग्राइंडिंग करतानाच जाळीसारख्या किंवा ग्राइंडिंगच्या दिशेला आडव्या बारीक भेगा पडतात. कमी असला तर तो जॉबमध्ये लपून बसतो आणि जॉब कामाला लागल्यावर आपला हिशोब पुरा करतो.

तूट पृष्ठभागावरूनच का सुरू होते?

१५०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या शाफ्टला वाकवणारा भार असेल, तर त्याच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू तासाला ९०,००० वेळा ताणला आणि दाबला जातो. दहा तासांच्या पाळीत हा आकडा नऊ लाख होतो. वाकण्याचा ताण मध्यभागी शून्य आणि पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो. म्हणजे ग्राइंडिंगने जो थर बिघडवला, नेमका तोच सर्वाधिक मार खातो. तेथे केसाहून बारीक चीर पडते आणि दर फेरीला ती थोडी थोडी आत सरकते. उरलेला धातू भार सहन करेनासा झाला की शाफ्ट एकदम तुटतो. याला थकव्याची तूट म्हणतात. पोलाद जितके अधिक कठीण, तितके अशा चिरेपुढे ते असहाय.

मायकेल फील्ड आणि जॉन काहलेस या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९६४ मध्ये या विषयाला 'सरफेस इंटिग्रिटी', म्हणजे पृष्ठभागाची शाबुती, असे नाव दिले. त्या काळापासून झालेल्या चाचण्यांतील एक आकडा बोलका आहे. आपल्या इएन २४ चे जवळचे नातेवाईक असलेले ४३४० हे पोलाद पन्नास रॉकवेलपर्यंत कठीण करून त्याचे नमुने दोन रीतींनी ग्राइंड केले गेले. सावकाश आणि हलक्या कटने ग्राइंड केलेल्या नमुन्यांनी दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७०० न्यूटन इतका फिरता ताण सहन केला. बेपर्वाईने ग्राइंड केलेले नमुने सुमारे ४३० न्यूटनवरच थांबले. पोलाद तेच, भट्टी तीच, कठीणपणाही तोच. फक्त ग्राइंडिंगच्या रीतीने सुमारे ४० टक्के ताकद गेली.

विमानाच्या चाकांचे पाय याच जातीच्या अतिमजबूत पोलादाचे बनतात. म्हणूनच अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १,८०,००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे १२४० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर किंवा त्याहून अधिक मजबुतीच्या पोलादाचे आणि त्यावरील क्रोम प्लेटिंगचे ग्राइंडिंग कसे करावे, यासाठी स्वतंत्र मानक काढले.

धातू वेगळा असला तरी धडा तोच, याचे एक दुःखद उदाहरण ६ जुलै १९९६ चे आहे. अमेरिकेत पेन्साकोला येथे डेल्टा एअरलाइन्सच्या एमडी ८८ विमानाचे उड्डाण सुरू असताना इंजिनाच्या पंख्याचा टायटॅनियमचा हब फुटला आणि दोन प्रवासी मृत्युमुखी पडले. हबमधील एका छिद्राच्या ड्रिलिंगच्या वेळी पृष्ठभागावर बदललेला कठीण थर तयार झाला होता आणि तेथूनच चीर वाढत गेली, असे चौकशीत निष्पन्न झाले. थर तयार झाला तेव्हा तपासणीत तो पकडला गेला नव्हता.

लेथ, ड्रिल आणि वायर कट

हा दोष केवळ ग्राइंडिंगचा आहे असे समजू नये. आजकाल सीबीएन किंवा सिरॅमिक टूलने कठीण जॉब थेट लेथवर फिनिश केला जातो. टूल नवे असेपर्यंत पृष्ठभाग चांगला येतो. परंतु टूलची बाजू झिजली की ती कापण्याऐवजी घासू लागते आणि पांढरा थर उमटतो. माप येत आहे म्हणून झिजलेले टूल चालवत राहणे, हे काटकसरीचे नव्हे तर नुकसानीचे काम आहे. कठीण पोलादात बोथट ड्रिल रेटल्यानेही हेच होते.

डाय बनवणाऱ्या बंधूंनी वायर कट आणि स्पार्क मशीनकडे लक्ष द्यावे. तेथे ठिणगी धातू वितळवते. वितळलेला सर्वच धातू वाहून जात नाही, काही तेथेच पुन्हा गोठतो. हा गोठलेला थर ठिसूळ असतो आणि त्यात बारीक भेगा असतात. शेवटचे कट कमी करंटने घ्यावेत आणि कापणाऱ्या किंवा मार खाणाऱ्या बाजूवरील थर ऑइल स्टोनने काढून टाकावा. त्यानंतर मूळ टेम्परिंगपेक्षा थोड्या कमी तापमानावर डाय पुन्हा टेम्पर केल्यास तिचे आयुष्य वाढते.

क्रँकशाफ्टचे काम

इंजिन दुरुस्तीच्या धंद्यात क्रँकशाफ्टचे जर्नल पाव किंवा अर्धा मिलिमीटर अंडरसाइज ग्राइंड करणे हे रोजचे काम आहे. जर्नल आणि बाजूची भिंत यांच्यामधील गोलाई, म्हणजे फिलेट, ही क्रँकची सर्वांत नाजूक जागा आहे. व्हीलचा कोपरा तेथे एकाच वेळी दोन बाजूंनी घासतो, कूलंट नीट पोचत नाही आणि जॉब जळतो. भरीला व्हीलचा कोपरा टोकदार असेल तर गोलाई नाहीशी होऊन तेथे खाच पडते. जळणे आणि खाच एकत्र आली की क्रँक तेथूनच तुटण्याचा धोका फार वाढतो. व्हीलच्या कोपऱ्याला मूळ गोलाईइतकाच रेडियस देणे, बाजूची भिंत अगदी सावकाश घेणे आणि ग्राइंडिंगनंतर मॅग्नाफ्लक्स तपासणी करणे, या तीन गोष्टी कधीही सोडू नयेत. काही क्रँक नायट्राइड केलेले असतात. त्यांचा कठीण थर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो, म्हणून ग्राइंडिंगनंतर थर शिल्लक आहे की नाही ते तपासून पाहावे.

काळजी कशी घ्यावी?

समाधानाची गोष्ट ही की बचावासाठी महागडे मशीन लागत नाही. पुढील पथ्ये कोणत्याही जुन्या ग्राइंडरवर पाळता येतात.

१. व्हील मऊ घ्यावे. व्हीलवरील लिखाणात, उदाहरणार्थ एए ६० के ५ व्ही ८ मध्ये, के हे अक्षर व्हीलचा कठीणपणा सांगते. इंग्रजी वर्णमालेत अक्षर जितके पुढचे, तितके व्हील कठीण. कठीण जॉबला मऊ व्हील, म्हणजे एच ते के, योग्य ठरते. मऊ व्हीलचे बोथट कण वेळेवर गळतात आणि नवी धार पुढे येते. 'व्हील जास्त टिकते' म्हणून एम किंवा त्यापुढचे व्हील वापरल्यास जॉब जळण्याची शक्यता फार वाढते.

२. डायमंड वेळेवर मारावा. व्हील चमकू लागले, आवाज बदलला किंवा मोटरवर लोड वाढला, तर समजावे की ते कापत नसून घासत आहे. फिनिशच्या कटपूर्वी ड्रेसिंग अवश्य करावे. डायमंडचे टोक सपाट झाले असेल तर तो फिरवून घ्यावा, कारण बोथट डायमंड व्हीलही बोथटच ठेवतो.

३. शेवटचे कट हलके घ्यावेत. सरफेस ग्राइंडरवर पृष्ठभाग जपण्याची एक पद्धत अशी : शेवटच्या पाव मिलिमीटरपैकी ०.२० मिमी साडेबारा मायक्रॉनच्या कटने आणि उरलेले ०.०५ मिमी ५ मायक्रॉनच्या कटने काढावे. याउलट ५० मायक्रॉनचा कोरडा कट हा हमखास बिघाडाचा मार्ग आहे.

४. कूलंट नेमक्या जागी पोचवावे. व्हीलबरोबर फिरणारी हवा कूलंटला बाजूला ढकलते. म्हणून नोझल व्हील आणि जॉब यांच्या स्पर्शाच्या जागेकडे, व्हीलच्या दिशेने आणि जवळ लावावे. मध्येच थांबणारी किंवा थेंब-थेंब येणारी धार कोरड्या ग्राइंडिंगपेक्षाही वाईट, कारण तापलेल्या जागेला तिचा झटका बसतो आणि भेगा पडतात. टाकीतील गाळ वेळच्या वेळी काढावा.

५. ग्राइंडिंगसाठी माल बेताचा ठेवावा. लेथवर गरजेपेक्षा जास्त माल शिल्लक ठेवला की ग्राइंडरवर घाई होते आणि कट मोठे पडतात.

६. हीट ट्रीटमेंट करणाऱ्याकडून टेम्परिंगचे तापमान लिहून घ्यावे. टेम्परिंग अपुरे झालेला किंवा कार्बन जास्त चढलेला केस हार्डनिंगचा जॉब हलक्या ग्राइंडिंगमध्येही फुटतो. तेव्हा दोष कोणाचा, हे त्या कागदावरूनच ठरते.

बिघाड कसा ओळखावा?

जळलेल्या जागेवर पिवळसर, तपकिरी, जांभळा किंवा निळा रंग येतो. छिन्नीला पाणी देणारा कारागीर हे रंग ओळखतो. हळूहळू तापवलेल्या छिन्नीवर २०० अंशांच्या थोडे वर पिवळा आणि ३०० च्या आसपास निळा रंग दिसतो. परंतु हा रंग केवळ वरच्या पापुद्र्याचा आहे. एक-दोन हलके पास किंवा पॉलिश पेपर मारला की तो जातो, बिघडलेला थर मात्र खाली तसाच राहतो. म्हणून रंग दिसला तर सावध व्हावे आणि रंग दिसला नाही तर निर्धास्त होऊ नये. रंग पुसून जॉब देणे म्हणजे गिऱ्हाइकाची अमानत बिघडवून परत करणे होय.

खात्रीची जुनी पद्धत नायटल तपासणीची आहे. स्वच्छ केलेला जॉब स्पिरिटमध्ये दोन ते पाच टक्के नायट्रिक ॲसिड मिसळलेल्या द्रावणात काही सेकंद बुडवतात, नंतर धुऊन हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात घालतात, पुन्हा धुऊन अल्कलीने ॲसिड मारतात आणि तेल लावतात. चांगला पृष्ठभाग सारखा राखाडी दिसतो. मऊ पडलेली जागा काळपट दिसते. पुन्हा कठीण झालेली जागा पांढरी दिसते आणि तिच्याभोवती काळी किनार असते. हे काम शक्यतो प्रयोगशाळेत करून घ्यावे. स्वतः करायचे असल्यास ॲसिड थोडे थोडे स्पिरिटमध्ये घालावे, ॲसिडमध्ये स्पिरिट कधीही ओतू नये. प्रमाण पाच टक्क्यांच्या वर नेऊ नये आणि द्रावण घट्ट बुचाच्या बाटलीत साठवू नये, कारण त्याचा स्फोट होऊ शकतो. चष्मा आणि रबरी हातमोजे आवश्यक आहेत.

मोठ्या कारखान्यांत बार्कहाउसेन पद्धतीची चुंबकीय तपासणी होते. हाइनरिख बार्कहाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये शोधलेल्या परिणामावर ती आधारलेली आहे आणि तीत ॲसिड लागत नाही. भेगा शोधण्यासाठी मॅग्नाफ्लक्स चालते, पण जळलेल्या परंतु भेग न पडलेल्या जागा त्यात दिसत नाहीत.

जळलेला जॉब सुधारतो का?

मापात माल शिल्लक असेल तर ताज्या ड्रेसिंगच्या व्हीलने, हलक्या कटने बिघडलेला संपूर्ण थर काढावा आणि पुन्हा तपासावे. मूळ टेम्परिंगपेक्षा २५-३० अंश कमी तापमानावर जॉब पुन्हा टेम्पर केल्यास ताण काही अंशी उतरतो आणि पांढऱ्या थराचा ठिसूळपणा कमी होतो. परंतु मऊ पडलेली जागा त्याने पुन्हा कठीण होत नाही आणि पडलेली भेग बुजत नाही. भेग पडलेला आणि माप संपलेला जॉब बाद करणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

कठीण जॉबवर क्रोम प्लेटिंग करायचे असेल तर आणखी दक्षता हवी. जळलेल्या जागेवर प्लेटिंग केल्यास दोष झाकला जातो, जात नाही. शिवाय प्लेटिंगच्या वेळी पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते. म्हणून अतिमजबूत पोलाद प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत घालून १९० अंशांच्या आसपास दीर्घकाळ भाजावे लागते. अशा कामांसाठी हा अवधी २३ तास किंवा त्याहून अधिक असतो.

व्यवहाराची बाजू

शेवटी प्रश्न पैशांचा येतो. वर दिलेल्या पद्धतीने शेवटचे पाव मिलिमीटर काढण्यास २६ कट लागतात, तर ५० मायक्रॉनच्या कटने केवळ ५. नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराला मोठ्या कटचा मोह होणारच. म्हणून मालकांनी कठीण जॉबचा दर वेगळा ठरवावा. कारागिराला त्याच्या वेळेची मजुरी द्यावी आणि गिऱ्हाइकाला दर जास्त का आहे ते समजावून सांगावे. चलनावर पोलादाची जात, कठीणपणा आणि टेम्परिंगचे तापमान लिहावे. व्हील कोणते, शेवटचे कट किती आणि तपासणी कोणती, याची वहीत नोंद ठेवावी. जॉब तुटून परत आला तर हीच वही लहान वर्कशॉपवाल्याची साक्षीदार ठरते. अशी वही दाखवू शकणाऱ्या वर्कशॉपचा मोठ्या कारखान्यांपुढेही शब्द चालतो आणि उत्तम दराची कामे तिकडे वळतात.

शागीर्दाला माप घेण्यास शिकवतो, त्याच दिवशी व्हीलचा आवाज ओळखण्यास आणि डायमंड वेळेवर मारण्यासही शिकवावे. माप कोणालाही तपासता येते. त्या मापाखालचा धातू शाबूत ठेवणे मात्र ग्राइंडरवर उभ्या असलेल्या माणसाच्याच हाती असते.